कवठाएवढं सोनं

सोनं पारखणारा म्हणून कोल्हापूरच्या गुजरीत मला थोडाफार मान आहे. घरात तो नाही. तंजावरला निघालो त्या दिवशी दशम्या बांधता बांधता बायकोने विचारलं, "तुम्ही मंडईतून कोथिंबीर आणता ती निम्मी पिवळी निघते. आणि बुडालेल्या जहाजातलं सोनं पारखायला तुम्हालाच कसं बोलावलं?"

"कोथिंबीर वेगळी, सोनं वेगळं," मी म्हणालो.

"ते आल्यावर कळेल," ती म्हणाली आणि दशम्यांवर लोणच्याची पुडी ठेवली.

बोलावणं आलं होतं ते असं. माझा एक मित्र जुनी मोडी कागदपत्रं वाचायला तंजावरला जाऊन राहिला होता. ज्यांच्याकडे उतरला ते सेतुराव. तीनशेएक वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातले, आता पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या देवघरात समुद्रातून आलेला सोन्याचा एक गोळा आहे, असं त्याला कळलं. सोन्यावरचे सरकारी निर्बंध उठून तेव्हा थोडी वर्षं झाली होती. इतकी वर्षं लोक घरातल्या सोन्याचं नावही घ्यायला भीत, ते आता मोकळेपणी बोलू लागले होते. परदेशात बुडालेल्या जहाजांचं सोनं लिलावात कसं भलत्याच भावाने जातं, हेही सेतुरावांनी इंग्रजी पेपरात वाचलं होतं. मद्रासचा एक व्यापारी गोळा बघायला येणार होता. तो यायच्या आत खरी किंमत सांगणारा कुणी घरचा माणूस हवा होता. मित्राने माझं नाव सांगितलं. काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण एसटीडी बूथवरून सेतुरावांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला "आपण" म्हटलं. मला "आपण" म्हणून बोलावलं की मी कुठेही जातो.

प्रवासाचं सांगत नाही. मद्रासनंतरच्या गाडीत कुणीतरी माझी एक चप्पल घालून उतरला आणि आपली एक मला ठेवून गेला, एवढंच. दोन्ही डाव्या. अशा थाटात हा नामांकित रत्नपारखी तंजावरच्या स्टेशनवर उतरला.

तंजावर

सेतुराव मला न्यायला आले होते. पन्नाशीचे, कपाळाला गंध, धोतरासारखी पांढरी वेष्टी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि काहीही न विचारता मोपेड थेट चपलांच्या दुकानापुढे थांबवली. त्या क्षणापासून मला हा माणूस आवडला.

घर पश्चिमेच्या वीथीत, म्हणजे गल्लीत. दारात कोलम. आपली रांगोळी ठिपक्यांत रंग भरून मिरवते. ही नुसती पांढरी, पण हात न उचलता काढलेली. मी ती चुकवायला उडी मारली आणि तिच्या बरोबर मध्यावर उतरलो.

"बैसा, बैसा," आतून एक बाई म्हणाल्या. "कोलम उद्यां पुन्हां काढूं. प्रवास बरा झाला कीं?"

या अक्का, सेतुरावांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नव्हतं, तिरुवैयारुला वीणा शिकवायच्या. घरात सध्या हे दोघंच. सेतुरावांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी तिरुचीला गेल्या होत्या.

त्यांचं मराठी ऐकून मला बखरीत शिरल्यासारखं वाटलं. "बैसा", "काय सांगूं", "अस्के जण आले होते". अस्के म्हणजे सगळे. आणि मध्येच "तण्णी गरम आहे, स्नान करा." तण्णी म्हणजे पाणी. वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलायचा, त्यामुळे साधी माहितीही प्रश्नासारखी वाटायची. मी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत सुटलो आणि त्या नादात कॉफीचे तीन पेले प्यालो. मी चहाचा माणूस.

जेवायला केळीचं पान. आधी सांबार-भात, मग रसम-भात, मग ताक-भात. सोबत डांगर पच्चडी. उडदाच्या पिठाचं दह्यातलं हे कालवण माझ्या आजीच्या डांगराचं सख्खं भावंड निघालं, म्हणून मी आनंदून गेलो, आणि सांबार हा शब्द संभाजीवरून कसा आला ते सांगायला सुरुवात केली.

"तुमच्याकडून येणारा प्रत्येक मनुष्य ही कथा आम्हांस सांगतो," अक्का शांतपणे म्हणाल्या. "वाढूं आणखी?"

मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, भात छानच, पण आम्हाला पोळीची सवय. ही चूक फार महागात पडली. तिथे पोळी म्हणजे पुरणाची, तुपात थबथबलेली, गोड. पाहुण्याला पोळी लागते असं एकदा अक्कांच्या डोक्यात बसल्यावर ती मला दोन्ही वेळा आली. नको म्हणावं तर मीच मागितलेली. त्या मुक्कामात मी इतकं पुरण खाल्लं की पुढची होळी मला मनापासून साजरी करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा बाहेर काढला. देवघरात पितळी ताटात ठेवलेला, हळदीकुंकू वाहिलेला. आकाराने मोठ्या कवठाएवढा. वरून सगळे होन चिकटलेले. होन म्हणजे करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं नाणं, तिकडे त्याला वराहन म्हणतात. नाण्यांच्या मधून समुद्रातले शिंपले, वाळू, काहीतरी दगडी थर. पूर्वी नागपट्टणमच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सेतुरावांचे कुणी पूर्वज तंजावरच्या राजांच्या वतीने किनाऱ्यावरची जकात बघत होते. कोळ्यांच्या जाळ्यात आलेला हा गोळा त्यांच्या वाट्याला आला, अशी घरातली कथा. जहाज कुणाचं, केव्हाचं, काही ठाऊक नाही.

मी कसोटी काढली. कडेच्या एका होनाची रेघ ओढली, तेजाब लावलं. सोनं अस्सल. इथवर मी जे केलं ते बरोबर होतं. इथे थांबलो असतो तर हे प्रवासवर्णन लिहावं लागलं नसतं.

गुजरीत माझी एक लकब आहे. डोळे मिटून डाग, म्हणजे दागिना, हातावर तोलायचा आणि वजन सांगायचं. बांगड्या, पाटल्या, गोफ यांच्या बाबतीत ते सहसा जमतं. समुद्राच्या तळाशी कित्येक वर्षं पडलेल्या, शिंपल्यांनी लिंपलेल्या गोळ्याच्या बाबतीत ते जमण्याचं काहीच कारण नव्हतं. पण सेतुराव हात जोडून उभे होते. त्या सकाळचीही तीन पेले कॉफी पोटात होती. मी डोळे मिटले, गोळा तोलला, थोडा वेळ घेतला (हा वेळ घेणं महत्त्वाचं असतं) आणि आतल्या सोन्याचा एक आकडा सांगितला. मग त्यावर, बुडालेल्या जहाजाचं म्हणून, आणखी काही पटींचा दुसरा.

तो दुसरा आकडा मी इथे लिहीत नाही. लाज वाटते.

सेतुराव खांबाला टेकले. "अक्का," ते म्हणाले, "ऐकलेंस?"

"ऐकलें," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी सेतुरावांनी मला मोपेडवर बसवून गावाबाहेरच्या रस्त्याला एक रिकामी जागा दाखवली. इथे लॉज काढायचं. वरती एसी खोल्या, खाली जेवण. हल्ली परदेशी लोक मोठं देऊळ बघायला येतात, त्यांना उतरायला बरी जागा नाही. ते झाडाझुडपांतून चालत खोल्या दाखवत होते: हा जिना, हा टीव्ही, केबलसकट. मी मागून "वा, वा" करत होतो. काटेरी झुडपात धोतर अडकलं तरी वा म्हणालो.

तिरुवैयारु

शनिवारी अक्का शिकवणीला निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही गेलो. मला कावेरी बघायची होती. टाउन बसमध्ये बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या; हे कळायच्या आत मी बायकांमध्ये जाऊन बसलो आणि एका आजींनी मला कोपराने योग्य जागी पोचवलं. बाहेर भाताची लावणी चालली होती. आमच्याकडे पाणी म्हटलं की कुठेतरी खाली, खोल असतं. इथे ते रस्त्याच्या बरोबरीने चालतं. कालवा, पूल, नदी, पुन्हा कालवा, पुन्हा पूल. माझ्यासारख्याला कावेरी नेमकी कोणती ते ओळखू येईना. दोनदा मी मनोभावे हात जोडले, दोन्ही वेळा कालव्याला.

शिकवणी संपल्यावर अक्का मला घाटावर घेऊन गेल्या. पायऱ्यांवर बसून आम्ही त्यांनी आणलेला ताकभात खाल्ला. पाणी भरून वाहत होतं, मातकट, घाईत नसलेलं. पलीकडे नारळीची झाडं. मी निसर्गावर काहीतरी बोलायच्या तयारीत होतो.

"सेतुने राजीनामा टाइप केला," अक्का म्हणाल्या. "सोमवारीं देणार."

मी हातातला घास खाली ठेवला.

"तुम्हीं आंकडा सांगितलांत त्याच रात्रीं. तो असाच आहे. एकदां कोंबड्या पाळल्या, एकदां झिंगे. दोन्ही बुडाले. पण नोकरी कधीं सोडली नव्हती. निवृत्तीला वर्षें आहेत अजून. आत्तां सोडली तर जें मिळायचें तें अर्धेंही मिळणार नाही."

"पण मी तर..." मी म्हणालो.

"तुमचा आंकडा खरा असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. त्याचें सुख होऊं दे. खरा आहे ना?"

"तो अंदाज आहे, अक्का."

"अंदाज म्हणजे?"

मला वाटलं त्यांना शब्द कळला नाही. "म्हणजे, इतकं असावं असं वाटणं. अनुभवावरून."

"म्हणजे ठाऊक नाही," अक्का म्हणाल्या.

मला सगळं हसण्यावारी न्यायची सवय आहे, पण त्या पायऱ्यांवर ते चालणार नव्हतं. एका माणसाची नोकरी माझ्या डोळे मिटण्यावर चालली होती. मी म्हणालो, "उद्या नीट मोजतो. शास्त्रशुद्ध."

"आधीं तसें कां नाही केलेंत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड होतं.

आड

शास्त्रशुद्ध पद्धत अशी. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. पाण्यात ती हलकी लागते. किती हलकी लागली त्यावरून आत जड सोनं किती आणि हलकं शिंपलं किती, ते गणिताने काढता येतं. लहानपणी शाळेत शिकलेलं, आणि मला ते चक्क आठवत होतं, याचा मला मोठा अभिमान वाटला.

रविवार होता. काष्ठौषधीच्या दुकानदाराच्या घरून सेतुरावांनी एक चांगला तराजू आणला. तो टांगायला भक्कम आकडा हवा होता. घरात झोपाळ्याच्या कड्या होत्या, पण मला परसातल्या आडावरचा रहाटाचा आकडा पसंत पडला. काठावर पाण्याची बादली ठेवता येत होती आणि उजेड छान होता.

"घरांत करा कीं," अक्का म्हणाल्या.

"प्रयोगाला मोकळी जागा लागते," मी म्हणालो.

"दोरा?"

दोरा मी समोरचाच उचलला. अक्का सकाळी ज्याने मोगरा गुंफत होत्या तो. नंतर कळलं की तो केळीच्या सोपटाचा तंतू होता. तिकडे फुलं त्यातच ओवतात. फुलांचं वजन तो उत्तम पेलतो.

हवेतलं वजन झालं. सेतुरावांनी ते मोठ्याने वाचलं. मग मी गोळा बादलीत सोडला. काटा हलत होता. तो स्थिर व्हायची वाट बघत मी जरा मागे सरलो आणि म्हणालो, "आता बघा, सेतुराव, दूध का दूध..."

तंतू तुटला. गोळा बादलीच्या तळावर आपटला, काठावरची बादली कलंडली, आणि दोघं मिळून आडात गेले. आधी बादलीचा आवाज आला, मग गोळ्याचा. गोळ्याचा खोल, जाड आवाज. वर्तुळं उमटली आणि पाणी पुन्हा गप्प झालं. कालव्यांना पाणी आलेलं, आड निम्म्याहून वर भरलेला.

बुडालेल्या जहाजाचं सोनं पारखायला गेलेल्या माणसाने ते पुन्हा बुडवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

मी काठाला धरून खाली बघत होतो. मला वाटलं आता ओरडा पडेल, पडायला हवा होता. अक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी वळून बघितलं तर त्या हसत होत्या. इतक्या की त्यांना खाली बसावं लागलं. सेतुरावांनी मात्र मलाच धीर दिला. "पाण्यांत पडलें म्हणून सोनें कमी होतें कां? इतकीं वर्षें समुद्रांत होतें. हा आमचा आड आहे. काढूं कीं."

म्हणजे राजीनामा ठरल्याप्रमाणे जाणार होता.

सोमवारी सकाळी पंप लावला. मुरुगन नावाचा, विहिरींतून भांडी काढून देणारा माणूस आला. पंपाच्या आवाजाने अख्खी वीथी जमली. प्रत्येक जण विचारायचा, अक्का तमिळमध्ये सांगायच्या, आणि ऐकणारा माझ्याकडे बघायचा. दरवेळी "मराट्टी" हा शब्द मला ओळखू यायचा. सेतुराव दहाच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात लांब पाकीट ठेवून मोपेडवर निघाले. मी त्यांना म्हणालो, "आजचा दिवस थांबा. गोळा तरी येऊ दे."

"तुमच्या हातावर माझा भरंवसा आहे, सराफराव," ते म्हणाले. याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

मुरुगन बुड्या मारत राहिला. आधी बादली वर आली. मग एक पितळी पेला. मग एक पळी, हिरवी पडलेली. अक्कांनी ती हातात घेतली आणि किंचाळल्याच. "अय्यो, अम्माची पळी! हिच्यापायीं मी मार खाल्ला होता!" त्यांनी ती पदराने पुसली, शेजारणींना दाखवली. गोळ्याचं कुणालाच सुचेना. आणि त्याच गडबडीत मुरुगनने काठावर दोन तुकडे ठेवले.

गोळा फुटला होता. मी तुकडे उचलून उन्हात धरले. बाहेरून पिवळे होन, साल असावी तसे, एकपदरी. थोडे दुपदरी. आत शिंपले, आणि त्याच्या आत काळालाल गंज. गंजाच्या मधोमध माझ्या अंगठ्याहून जाड, चौकोनी डोक्याचा, वाकलेला लोखंडी खिळा. जहाजाचा खिळा. समुद्रात त्याच्याभोवती गंज धरत गेला, त्या गंजात नाणी अडकत गेली. वजन होतं ते बरंचसं लोखंडाचं. होन अस्सल, पण सगळे मिळून एक ओंजळ भरली नसती.

मग मला आणखी एक गोष्ट कळली. कालचा माझा शास्त्रशुद्ध प्रयोग पार पडला असता तरी उत्तर चूकच आलं असतं. गणितात मी सोनं आणि शिंपलं एवढंच धरलं होतं. आत तिसरं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो तंतू तुटला म्हणून तरी खरं कळलं.

"अक्का," मी म्हणालो, "सेतुराव..."

"जा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी रिक्षा थांबवून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मी आत बसलो, "लवकर, लवकर" म्हणत राहिलो, आणि थोड्या वेळाने त्याने मोठ्या हसऱ्या चेहऱ्याने मला बृहदीश्वराच्या, म्हणजे त्या मोठ्या देवळाच्या, दारात उतरवलं. उत्तरेकडून आलेला, घाईत असलेला माणूस आणखी कुठे जाणार? मी वर बघितलं. एवढं प्रचंड शिखर, उन्हात मधासारखं. लोक आयुष्यभर ते बघायची इच्छा धरतात. मी त्याच्याकडे हात करून "आपीस! आपीस!" असं ओरडत होतो. एका फुलवालीने मध्ये पडून रिक्षावाल्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्याने कपाळावर हात मारला आणि मला पुन्हा आत ढकललं.

कचेरीत लांब खोली, पंखे, टेबलांच्या रांगा. साहेबांच्या दाराबाहेर बाकावर सेतुराव बसले होते. पाकीट हातात. साहेब आत फोनवर होते.

"देऊ नका!" मी दारातूनच ओरडलो. "सेतुराव, आत खिळा आहे! लोखंडाचा! सोनं नुसतं वरवर आहे!"

सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. त्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही, हे माझं नशीब. मराठीत इतक्या मोकळेपणी मी कोल्हापुरातही कधी ओरडलो नव्हतो. मी सेतुरावांजवळ जाऊन, धापा टाकत, हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे जहाज खरें?"

"जहाज अगदी खरं," मी म्हणालो. "खिळ्याने सिद्धच झालं. सोनं मात्र मी म्हणालो त्याच्या पासंगालाही..."

तेवढ्यात आतून घंटी वाजली आणि शिपायाने त्यांना बोलावलं. ते उठले, आत गेले. मी दाराच्या फटीतून बघत राहिलो. साहेबांनी काहीतरी विचारलं. सेतुराव क्षणभर पाकिटाकडे बघत उभे होते. मग त्यांनी ते खिशात घातलं आणि व्यापारी येणार होता त्या दिवसाची अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

बाहेरच्या टपरीवर त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. स्वतः काही घेतलं नाही.

"माझी अक्कल..." मी सुरुवात केली.

"नको," ते म्हणाले. "तुम्हीं सांगितलें, पण ऐकायचें मलाच होतें." त्यांनी चहाचे पैसे मोजून दिले. "लॉजचें नांवही ठरवलें होतें. रंगारी पाहिला होता. जाऊं दे."

नाव काय, ते मी विचारलं नाही. मला चहा गोड लागेना.

व्यापारी

मद्रासचा व्यापारी पांढऱ्या मोटारीतून आला. काळ्या काचा, हातात चामडी बॅग. इंग्रजी बोलायचा. अक्कांनी दोन्ही तुकडे ताटात मांडले होते, खिळा मधोमध. त्याने भिंग लावून बघितलं, बराच वेळ. मग ताट खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तज्ज्ञ आहात असं ऐकतो. काय किंमत सांगता?"

माझा मोह आता पार संपला होता. मी डोळे उघडे ठेवले. प्रामाणिकपणे, गाळून जेवढं सोनं निघेल तेवढ्याचीच, त्या दिवसाच्या भावाने, किंमत सांगितली.

"मान्य," तो म्हणाला आणि बॅगेची चेन ओढली.

गुजरीत आयुष्य गेलं आहे. गिऱ्हाईक इतक्या चटकन हो म्हणतं तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं. अक्कांनाही कळलं. "सराफराव," त्या मराठीत म्हणाल्या, "हा भांडत कां नाही?"

"कारण मी पुन्हा चुकलो, अक्का. या वेळी दुसऱ्या बाजूने."

अक्का सेतुरावांना म्हणाल्या, "तूंच सांग. मला त्याचें कांही नाही."

सेतुरावांनी हात जोडून इंग्रजीत सांगितलं की विचार करतो. व्यापाऱ्याने दुप्पट सांगितली. सेतुरावांनी पुन्हा हात जोडले. ओसरीवर आल्यावर त्याने आणखी वाढवली. कोलमवर पाय देऊन तो मोटारीशी गेला, दार उघडलं, परत आला आणि असा आकडा बोलला की लॉज नव्हे, पण गावाबाहेरची ती जागा तरी नक्की आली असती. सेतुरावांचा चेहरा मी बघत होतो. ओठ कोरडे पडले होते.

"काय करणार तुम्ही याचं?" त्यांनी विचारलं.

व्यापारी म्हणाला, नाणी सुटी करायची, ती घेणारे वेगळे. खिळ्याचा तुकडा सिंगापूरच्या एका शौकिनाला, तो जहाजांच्याच वस्तू जमवतो. एकेक वेगळं विकलं की भाव चांगला येतो.

सेतुराव ऐकून घेत होते. मग सावकाश, शब्द जुळवत, त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं. व्यापारी आधी चमकला, मग माझ्याकडे बघून हसला आणि मोटारीत बसला. काच वर गेली. धूळ उडवत गाडी वीथीच्या टोकाला वळली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"एकदां समुद्राने फोडलें. एकदां सराफरावांनीं. तिसऱ्या वेळेस आम्हीं नाही फोडत."

अक्का आत वळल्या आणि पानं मांडायला घेतली. आम्ही तिघं जेवलो. सेतुराव मान खाली घालून जेवत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ताकभाताच्या वेळी त्यांनी स्वतःहून, दुसऱ्यांदा, भात मागितला. अक्कांनी वाढताना माझ्याकडे बघितलं तेव्हा मला त्या किती दिवस घाबरलेल्या होत्या ते कळलं.

रजा अर्ध्याच दिवसाची होती. सेतुरावांनी कचेरीला जाता जाता मला स्टेशनवर सोडलं. मी केलेल्या कामाचं काही घेणं मला शक्यच नव्हतं, त्यांनी देऊ केलं तेव्हा मी अक्षरशः मोपेडच्या मागे लपलो. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघं गाडी येईपर्यंत उभे राहिलो. त्यांनी माझी पिशवी आत नेऊन बाकावर ठेवली, खिडकीशी आले.

"पुढच्या खेपेस बाईंस घेऊन या," ते म्हणाले. "किंमत करायास नको. नुसतें या."

गाडी हलली. मी मान हलवत राहिलो. आजवर मला लोकांनी लग्नाच्या दागिन्यांसाठी बोलावलं, वाटण्यांना बोलावलं, तारण सोडवायला बोलावलं. पारखायला काहीही नसताना मला कुणी बोलावल्याचं मला आठवत नव्हतं. सेतुराव घड्याळाकडे बघत, लांब ढांगा टाकत, मोपेडकडे निघालेले दिसले आणि मग प्लॅटफॉर्म संपला.